‘घरचाच माणूस’ : मुलांचे रक्षण आणि न विचारलेल्या प्रश्नांचा इतिहास

१/ मुंबईच्या उपनगरांत मुलाला शिबिराला धाडताना पालक दप्तर तपासतात, पाण्याची बाटली तपासतात, औषधांची पुडी तपासतात. ज्या माणसाच्या हाती मूल सोपवले जाते, तो माणूस मात्र कोणी तपासत नाही. ‘तो घरचाच आहे’ एवढे एक वाक्य पुरते. हा धागा त्या वाक्याच्या इतिहासाविषयी आणि त्याच्या किमतीविषयी आहे.

२/ प्रथम भूगोल. १९५० मध्ये मुंबईची हद्द अंधेरी ओलांडून जोगेश्वरीपर्यंत आणि पूर्वेला भांडुपपर्यंत गेली. १९५७ मध्ये ती दहिसर व मुलुंडपर्यंत पोहोचली. वसाहती आधी उभ्या राहिल्या, सोयी मागाहून आल्या. मुलांसाठी मैदान, वाचनालय, व्यायामशाळा यांची व्यवस्था बहुतांशी शासनाने केली नाही. ती केली मंडळांनी आणि कार्यकर्त्यांनी.

३/ ही परंपरा थोर आहे, याविषयी वाद नाही. पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ १९२३ चा. राष्ट्र सेवा दल १९४१ चे. भारत स्काउट्स आणि गाइड्सची स्थापना ७ नोव्हेंबर १९५० ची. गोरेगावचे प्रबोधन १९७२ चे. विनामोबदला वेळ देणाऱ्या माणसांवाचून उपनगरांतील दोन पिढ्यांचे बालपण घराच्या चार भिंतींतच संपले असते.

४/ परंतु याच परंपरेतून एक अलिखित नियमही रूढ झाला : जो फुकट राबतो त्याला प्रश्न विचारायचा नसतो. पगारी शिपायाचा पत्ता व ओळखपत्र मागितले जाते. शिबिराच्या ‘दादा’कडे, मैदानावरच्या ‘सरां’कडे ते मागणे हा अपमान समजला जातो. नात्याचा शब्द जोडला की चौकशी आपोआप संपते. इतिहासाची साक्ष अशी की अपराध्याला नेमके हेच हवे असते.

५/ कायद्याचा इतिहास पाहिला तर नजरेची दिशा किती उलटी होती ते कळते. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारगृह संस्था १८५७ मध्ये उभी राहिली. १९२४ मध्ये मुंबईचा बालक कायदा झाला. १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. डोंगरी व मानखुर्द येथील बालगृहे तिच्याच कारभाराखालची.

६/ या साऱ्या व्यवस्थेत संशयित कोण होते? मूल. ते भटके आहे काय, उनाड आहे काय, गुन्हेगारीकडे झुकले आहे काय, याची कसून नोंद होई. त्या मुलाला सांभाळणारा प्रौढ कोण, पूर्वी तो कोठे होता, तेथून का गेला, हा प्रश्न कायद्याच्या मध्यभागी कधी आलाच नाही. मुलांची पडताळणी झाली. मोठ्यांची राहून गेली.

७/ ती राहून गेल्याचा हिशेब प्रथम गोव्यात चुकता झाला. मडगावात फ्रेडी पीट्स नावाचा इसम ‘गुरुकुल’ या नावाने निराधार मुलांसाठी आश्रयगृह चालवीत असे. गावात त्याला मान होता. एप्रिल १९९१ मध्ये त्याला अटक झाली तेव्हा घरातून मुलांच्या लैंगिक शोषणाची छायाचित्रे मोठ्या संख्येने हाती लागली. तपासात परदेशी पाहुण्यांची नावेही पुढे आली.

८/ मार्च १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. मुलांच्या संघटित लैंगिक शोषणाबद्दल भारतात झालेली ही पहिली मोठी शिक्षा मानली जाते. मुंबईच्या पत्रकार शीला बर्से यांनी या प्रकरणाचा पाठपुरावा केला नसता, तर ते किती पुढे गेले असते, हा प्रश्नच आहे.

९/ येथे थांबून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पीट्स अंधारात लपला नव्हता. तो परोपकारी म्हणून सर्वांना माहीत होता. संस्थेच्या नावातच गुरू होता. ‘अनाथ मुलांना सांभाळतो’ एवढ्या पुण्याईवर त्याची सारी चौकशी माफ झाली होती.

१०/ दुसरे प्रकरण मुंबईचेच. कुलाबा आणि रायगड जिल्ह्यातील मुरूड येथे ‘अँकरेज’ नावाची आश्रयगृहे डंकन ग्रँट या ब्रिटिश नागरिकाने १९९५ च्या सुमारास सुरू केली. रस्त्यावरच्या मुलांना जेवण, छप्पर, शाळा. अॅलन वॉटर्स हा दुसरा ब्रिटिश नागरिक तेथे वरचेवर येत असे. दोघेही पूर्वाश्रमीचे नौसैनिक.

११/ २००१ मध्ये मुलांच्या तक्रारी बालहक्क कार्यकर्त्यांपर्यंत पोहोचल्या आणि गुन्हा नोंदला गेला. वॉटर्सला अमेरिकेतून प्रत्यार्पित करून आणावे लागले. ग्रँट २००५ मध्ये शरण आला. मार्च २००६ मध्ये सत्र न्यायालयाने दोघांना सहा वर्षांची सक्तमजुरी दिली. संस्थेच्या व्यवस्थापकालाही शिक्षा झाली.

१२/ २००८ मध्ये उच्च न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशन आणि राज्य शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांची साक्ष विश्वासार्ह ठरवून शिक्षा पुन्हा कायम केली. तक्रारीपासून अंतिम निकालापर्यंत दहा वर्षे. तक्रार केली तेव्हा जी मुले होती, ती निकाल लागेपर्यंत प्रौढ झाली होती.

१३/ या प्रकरणातील वॉटर्सचे स्थान इतिहासाच्या विद्यार्थ्याने नीट पाहावे. तो पगारी अधीक्षक नव्हता. तो पाहुणा होता, संस्थेचा स्नेही होता. आजच्या भाषेत सांगायचे तर ‘स्वयंसेवक’ या शब्दाच्या उंबरठ्यावर उभा असलेला माणूस. कोणत्याही हजेरीपटावर नसलेला आणि म्हणून कोणत्याही तपासणीत न सापडणारा.

१४/ या अनुभवांतून कायदे बदलले, हे मान्य केले पाहिजे. गोव्याने २००३ मध्ये स्वतंत्र बालक कायदा केला. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १३ राज्यांतील १२ हजारांहून अधिक मुलांपैकी ५३ टक्क्यांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. निम्म्या प्रकरणांत अत्याचारी व्यक्ती मुलाच्या ओळखीची किंवा विश्वासातील होती.

१५/ १४ नोव्हेंबर २०१२ पासून पॉक्सो कायदा अमलात आला. त्याने दोन मोठ्या गोष्टी केल्या. संस्थेच्या व्यवस्थापनातील वा कर्मचारीवर्गातील माणसाने तेथील मुलावर केलेला अत्याचार अधिक गंभीर ठरवला. आणि गुन्हा ठाऊक असूनही पोलिसांना न कळवणे हाच गुन्हा ठरवला. संस्थाप्रमुखाने मौन पाळल्यास एक वर्षापर्यंत कैद.

१६/ चंद्रपूर जिल्ह्यातील राजुऱ्याच्या वसतिगृह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हीच बाब ठासून सांगितली : माहिती असून न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे, तो आरंभीच मोडीत काढता येणार नाही. ‘संस्थेची बदनामी नको’ या सबबीला कायद्यात जागा उरलेली नाही.

१७/ आता मुख्य मुद्दा. मार्च २०२० मध्ये पॉक्सोचे नवे नियम आले. त्यांतील तिसरा नियम सांगतो की मुलांशी नियमित संपर्क असलेल्या प्रत्येक संस्थेने, शाळा, पाळणाघर, क्रीडा अकादमी यांसह, आपल्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि पूर्वेतिहासाची तपासणी ठरावीक काळाने केली पाहिजे. शिक्षक असो वा शिक्षकेतर, कायम असो वा कंत्राटी.

१८/ नियम चांगला आहे. पण त्याची व्याख्या ‘कर्मचारी’ या शब्दाशी येऊन थांबते. पगारी पहारेकऱ्याची तपासणी सक्तीची. शनिवार-रविवार मुलांना बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पदभ्रमणाला नेणाऱ्या स्वयंसेवकाचा उल्लेखही नाही. कुलाब्याच्या प्रकरणात ज्या फटीतून माणूस आत आला, नेमकी तीच फट नियमाच्या मजकुरात उघडी राहिली आहे.

१९/ बदलापूरच्या ऑगस्ट २०२४ मधील घटनेनंतरही हेच झाले. लोक रेल्वेमार्गावर उतरले. शासनाने शाळांसाठी आदेश काढला : सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पडताळणी, तक्रारपेटी, सखी सावित्री समित्या. सारे आवश्यकच. परंतु शाळेच्या फाटकाबाहेर पडलेले मूल संध्याकाळी जेथे जाते, त्या मैदानापर्यंत हा आदेश पोहोचत नाही.

२०/ दुसराही दोष दिसतो. घटना घडली की संशयाची बोटे सफाई कामगार, पहारेकरी, बसचालक यांच्याकडे वळतात. गरिबाची तपासणी सोपी असते, तो उलट बोलत नाही. पण पीट्स गरीब नव्हता, ग्रँट अप्रतिष्ठित नव्हता. अध्यक्षापासून सुरू न होणारी पडताळणी ही सुरक्षा नव्हे. ती वर्गभेदाची नवी तऱ्हा होय.

२१/ घाटकोपरच्या दहीहंड्यांचे उदाहरण घ्यावे. बालगोविंदांचे वय किती असावे, थर किती उंच असावेत, यावर उच्च न्यायालयात २०१४ पासून वाद झाले. २०१७ मध्ये १४ वर्षांखालील मुलांना थरांत न घेण्याचे शासनाचे म्हणणे न्यायालयाने नोंदवून घेतले. मूल कितव्या थरावर चढते हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. सरावाच्या रात्री त्याच्यासोबत कोण असते, हा प्रश्न मात्र त्या वादाचा विषय झाला नाही.

२२/ जगाने हा धडा कसा घेतला? ब्रिटनमधील डनब्लेन येथे मार्च १९९६ मध्ये, म्हणजे पीट्सला शिक्षा झाली त्याच महिन्यात, थॉमस हॅमिल्टन याने शाळेत घुसून १६ मुलांना व एका शिक्षिकेला ठार केले. स्काउट संघटनेने त्याला १९७४ मध्येच मुलांच्या जबाबदारीतून दूर केले होते. त्यानंतर त्याने स्वतःचे मुलांचे क्लब काढले आणि ते अनेक वर्षे चालवले.

२३/ एका संस्थेने चूक ओळखली, तरी दुसऱ्या दारातून प्रवेश खुलाच राहिला. पुढे २००२ मध्ये सोहम येथे दोन मुलींचा खून करणारा इसम शाळेचा रखवालदार निघाला. त्याच्याविरुद्धच्या जुन्या तक्रारी नेमणुकीवेळी पुढे आल्याच नव्हत्या. २००४ च्या बिचर्ड चौकशी अहवालानंतर २००६ मध्ये कायदा झाला. त्यात मुलांसोबतचे काम पगारी की बिनपगारी, असा भेद ठेवला नाही.

२४/ अमेरिकेच्या बॉय स्काउट्सचा इतिहास अधिक बोचरा आहे. १९२० च्या दशकापासून ही संघटना अपात्र स्वयंसेवकांच्या फायली ठेवत होती. म्हणजे तिला ठाऊक होते. फायली मात्र कुलुपात राहिल्या. ओरेगनमधील न्यायालयीन लढाईनंतर ऑक्टोबर २०१२ मध्ये १९६५ ते १९८५ या काळातील बाराशेहून अधिक फायली जाहीर झाल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये संघटनेने दिवाळखोरीचा अर्ज केला. ८० हजारांहून अधिक जणांनी दावे दाखल केले.

२५/ चार उदाहरणे, चार धडे. मडगाव : प्रतिष्ठेमुळे कोणी विचारले नाही. कुलाबा : पाहुणा हजेरीपटावरच नव्हता. डनब्लेन : एका संस्थेला कळलेले दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडले नाही. अमेरिका : यादी होती, पण ती मुलांच्या रक्षणासाठी नव्हे, संस्थेच्या अब्रूसाठी वापरली गेली. उपनगरांतील मंडळांना यांतील एकही चूक नव्याने करून पाहण्याची गरज नाही.

२६/ आता आक्षेप. पहिला : ‘अशाने कार्यकर्ते मिळणार नाहीत.’ इंग्लंड व वेल्समध्ये स्वयंसेवकांच्या तपासणीला शासन शुल्क घेत नाही, आणि तेथील स्काउट चळवळ आजही चालू आहे. रक्तदान करणाऱ्याचे रक्त तपासले जाते. त्यामुळे कोणी दाता रुसून घरी जात नाही. तपासणी सर्वांची असली की ती कोणा एकाचा अपमान राहत नाही.

२७/ दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : ‘बहुतेक अपराध्यांच्या नावावर आधी गुन्हाच नसतो, मग पोलीस प्रमाणपत्राचा उपयोग काय?’ हे खरे आहे. चारित्र्य पडताळणीचे प्रमाणपत्र ही पहिली चाळणी आहे, शेवटची नव्हे. केंद्राने २०१८ मध्ये लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदसूची सुरू केली. आरंभी तिच्यात सुमारे ४.४ लाख नोंदी होत्या. पण ती फक्त तपास यंत्रणांनाच पाहता येते.

२८/ म्हणून चाळण्या अनेक हव्यात. माणूस पूर्वी ज्या संस्थेत होता तेथे दूरध्वनी करून एकच प्रश्न विचारावा : ‘यांच्या हाती पुन्हा मुले सोपवाल काय?’ एकट्या प्रौढासोबत एकटे मूल कधीही नसावे; कायम दोन प्रौढ. खासगी संदेश नकोत, जे लिहायचे ते पालकांच्या गटावर. मुक्कामी शिबिरात झोपण्याची व्यवस्था आधी लिहून दिलेली असावी. हा नियम निरपराध कार्यकर्त्याचेही रक्षण करतो.

२९/ तिसरा आक्षेप : ‘खोट्या तक्रारी होतील.’ पॉक्सो कायद्याच्या २२ व्या कलमात द्वेषबुद्धीने खोटी तक्रार करणाऱ्या प्रौढाला शिक्षेची तरतूद आहे. सद्भावनेने माहिती देणाऱ्याला १९ व्या कलमात संरक्षण आहे. कायद्याने दोन्ही बाजू तोलल्या आहेत. न तोललेले आहे ते फक्त मंडळाच्या कार्यकारिणीतले मौन.

३०/ चौथा आक्षेप उघडपणे कोणी बोलत नाही, पण खरा तोच असतो : ‘आमच्या माणसावर संशय?’ याचे उत्तर इतिहासाने दिलेले आहे. वर सांगितलेल्या प्रत्येक प्रकरणातील अपराधी कोणाचा ना कोणाचा ‘आमचा माणूस’च होता. विश्वास हा चौकशीचा निष्कर्ष असावा; चौकशी टाळण्याचे निमित्त नसावे.

३१/ उपाय दूर नाही. केंद्राने तिसऱ्या नियमातील ‘कर्मचारी’ या शब्दालगत ‘स्वयंसेवक, मानद प्रशिक्षक व नियमित पाहुणे’ असे लिहावे. त्याच नियमांनुसार राज्यांनी बालसंरक्षण धोरण आखायचे असून ते मुलांशी संबंध येणाऱ्या सर्व संस्थांना लागू करायचे आहे. ते धोरण शाळेच्या फाटकाशी अडकून पडू नये.

३२/ महापालिकेला तर दिल्लीची वाट पाहण्याचेही कारण नाही. मैदान, सभागृह, तरणतलाव तिचेच. अंधेरीची के-पूर्व व के-पश्चिम, बोरिवलीची आर-मध्य, मुलुंडची टी आणि घाटकोपरची एन ही विभाग कार्यालये परवानगी देताना मंडपाची उंची आणि ध्वनिक्षेपकाची वेळ पाहतात. मुलांच्या उपक्रमासाठी पडताळणी झालेल्या प्रौढांची यादी मागणे, ही एका ओळीची अट आहे.

३३/ तोवर मंडळांनी स्वतः आरंभ करावा, आणि अध्यक्षाने आपले प्रमाणपत्र सर्वांत आधी भिंतीवर लावावे. त्याशेजारी १०९८ हा क्रमांक लिहावा. ही बालमदतवाहिनी देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून १९९६ मध्येच सुरू झाली. ज्या वर्षी मडगावला शिक्षा झाली आणि डनब्लेन घडले, त्याच वर्षी या उपनगरांनी देशाला मुलांचे ऐकणारा दूरध्वनी दिला.

३४/ मुलांचे ऐकण्याची रीत या उपनगरांनी देशाला शिकवली. मोठ्यांना विचारण्याची रीत त्यांनी अद्याप स्वतः शिकलेली नाही. या उन्हाळ्यात शिबिराचा अर्ज भरताना वाचकांनी आपल्या धाकट्या भावंडांसाठी संयोजकांना तीन प्रश्न विचारावेत : सोबत कोण असेल, त्यांची पडताळणी कोणी केली, आणि तक्रार कोणाकडे करायची? उत्तर न देणाऱ्या शिबिराला मूल न धाडण्याचा अधिकार प्रत्येक घराला आहे, आणि तो वापरण्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.

(धागा समाप्त)